कातळावरचं गिधाड उपाहारगृह: एका हंगामाच्या कामाच्या नोंदी

जागा: रायगड जिल्हा, म्हसळा-श्रीवर्धन पट्ट्यातला एक कातळसडा (उघडं खडकाळ पठार). गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही; घरट्यांचा पत्ता जाहीर झाला की कॅमेरेवाले झाडाखाली येऊन बसतात. पक्षी: मुख्यतः पांढऱ्या पाठीचं गिधाड, क्वचित लांब चोचीचं. काम: घातक औषध न दिलेली मेलेली गुरं गिधाडांना निर्धोक खाता येतील अशी जागा उभारणं आणि ऑक्टोबर ते मे चालवणं. वनखात्याची परवानगी आणि ग्रामपंचायतीचा ठराव आधी घेतला. त्यात अडीच महिने गेले. हे दोन कागद नसतील तर खांब रोवू नका. हा पक्षी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

६ ऑक्टोबर

दोन जागा पाहिल्या. एक गावाची जुनी, ढोरं टाकायची जागा: पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठी, किंजळ आणि ऐनाच्या सावलीत, पिकअप थेट आत जातो. दुसरी वरचा सडा: उघडा, वाऱ्याचा, शेवटचे चारशे मीटर रस्ता नाही. सोय बघून पहिली निवडली. चूक होती.

१३ ऑक्टोबर

पहिलं गुरू पऱ्याकाठी टाकलं. गावठी गाय, दीड दिवसापूर्वी मेलेली. वर आकाशात अकराच्या सुमारास सात गिधाडं घिरट्या घालत होती, पण सड्याच्या बाजूला.

१५ ऑक्टोबर

दोन दिवसांत एकही गिधाड उतरलं नाही. रात्री कुत्र्यांनी निम्मी गाय संपवली. कारण सरळ आहे: आपल्याकडची गिधाडं वासावर मढं शोधत नाहीत. वासावर शोधणारी गिधाडं अमेरिका खंडातली, त्यांचं कूळच वेगळं. आपली सगळी कमाई डोळ्यांवर. उंचावर एकेक पक्षी दूरदूर पसरलेला असतो आणि जमिनीकडे पाहता पाहता शेजारच्या गिधाडावर, घारीवर, कावळ्यावरही नजर ठेवतो. एक खाली वळलं की बाकीचे ओढल्यासारखे त्याच दिशेने येतात. झाडाच्या छपराखाली टाकलेलं मढं त्यांच्या लेखी नाहीच. शिवाय झाडीत उतरायला जमलं तरी उडायला जमत नाही.

सड्यावर जायचं ठरलं. उरलेलं मढं पुरलं. जेसीबी ₹२,८००, पाण्यात.

१८ ते २४ ऑक्टोबर

कुंपण, पहिला प्रयत्न. कुत्र्यांसाठी कुंपण लागतंच. १२ बाय १२ मीटर आखलं. ४८ मीटर, सहा फुटी चेनलिंक जाळी (₹३३० मीटर) ₹१५,८४०. जीआय पाइपचे २० खांब, प्रत्येकी ₹६५०, ₹१३,०००. सिमेंट-खडी ₹२,५००. मजुरी ₹७,०००. एकूण ₹३८,३४०.

कातळात खड्डे पहारीने होत नाहीत. वरचा जांभा काळा पडून टणक झालेला असतो, दिवसभरात दोन माणसांचे चार खड्डे झाले. तिसऱ्या दिवशी ब्रेकर भाड्याने आणला, मग दीड दिवसात बाकीचे उरकले. ब्रेकर पहिल्याच दिवशी आणा. खोली ४५ सेंटिमीटर.

२ नोव्हेंबर

कुंपणात बैल टाकला. दहा वाजेपर्यंत काही नाही. हा पक्षी सकाळी कामाला लागत नाही. जमीन तापून गरम हवा वर चढायला लागेपर्यंत तो रात्रीच्या झाडावर पंख ढिले सोडून बसून राहतो. सव्वादहाला पहिली घिरटी, साडेअकरापर्यंत नऊ पक्षी खाली. सगळे कुंपणाबाहेर. कातळावर रांगेने बसले, मान खांद्यात ओढून, बैलाकडे पाहत. चार वाजता उडून गेले.

३ नोव्हेंबर

आज एक पूर्ण वाढलेलं गिधाड आत उतरलं आणि अडकलं. कावळ्यांनी उघडलेल्या डोळ्याच्या खाचेतून आणि तोंडातून मिळालं ते खाल्लं, मग उडायला धावलं. पंखांचा पसारा दोन मीटरहून जास्त, वजन पाच किलोच्या आसपास. त्याला उडी मारून हेलिकॉप्टरसारखं वर जाता येत नाही. पाच-सहा ढांगा धावून, उड्या टाकून, वाऱ्याला तोंड देऊन मगच पाय सुटतात. बारा मीटरमध्ये तीन वेळा जाळीवर आपटलं. फाटक उघडून सगळे लांब झालो, तेव्हा चालत बाहेर आलं आणि उताराकडे धावून उडालं. उजव्या पंखाची दोन पिसं जाळीत राहिली.

पोट भरलेल्या पक्ष्याचं तर याहून वाईट. गळ्याखालची पिशवी एका बैठकीत किलोभर मांसाने भरते, छातीवर चेंडू बांधल्यासारखी दिसते. घाबरवलं तर ते ओझं ओकून टाकून उडतात, म्हणजे खाल्लेलं फुकट.

९ ते २० नोव्हेंबर

कुंपण उपटून ४० बाय ३० मीटर केलं. घेर १४० मीटर, अडीच मीटरवर एक, असे ५६ खांब. जुन्या वीसपैकी सहा काढताना वाकले, म्हणून नवे ४२. जाळी ₹३०,३६०, खांब ₹२७,३००, सिमेंट-खडी ₹६,०००, मजुरी आणि ब्रेकर ₹१४,५००. एकूण ₹७८,१६०. दोन्ही मिळून कुंपणावर ₹१,१६,५००. पहिल्यांदाच मोठं केलं असतं तर किमान वीस हजार वाचले असते आणि तीन आठवडेही.

या वेळी केलेले बदल:

लांब बाजू पूर्व-पश्चिम. दुपारी खारा वारा पश्चिमेकडून येतो आणि पक्षी वाऱ्यावर तोंड करून धावतो. मढं पूर्वेच्या टोकाला, म्हणजे पुढे तीसेक मीटर मोकळी धावपट्टी मिळते.

जाळीच्या वरच्या तारेला दर हातभर अंतरावर पांढऱ्या पोत्याच्या पट्ट्या. बारीक तार उतरणाऱ्या पक्ष्याला दिसत नाही. पट्ट्या बांधल्यापासून धडक नाही.

विजेच्या तारा किमान अर्धा किलोमीटर लांब आहेत ना, ते नकाशावर न पाहता चालत जाऊन पाहिलं.

२३ नोव्हेंबर

कुत्री तरीही आत. कातळ उकरता येत नाही म्हणून खालच्या बाजूला काही केलं नव्हतं, पण कातळ सपाट नसतो. एका खळग्यावर जाळीखाली वीतभर फट होती, तेवढी पुरली. सगळ्या फटींना जांभ्याचे चिरे लावले, ६० चिरे. आता बंद.

२५ नोव्हेंबर

औषधाची चौकशी. ही नोंद लांब आहे, कारण हीच पायरी चुकली तर बाकी सगळं कुंपण म्हणजे गिधाडं मारायचा पिंजरा.

डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेलं जनावर मेल्यावर ते खाल्लेल्या गिधाडाची किडनी बंद पडते, युरिक ॲसिड अवयवांवर साचतं, काही दिवसांत पक्षी मरतो. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली, ती यामुळे. आणि त्यासाठी सगळी मढी विषारी असावी लागत नाहीत. शंभरात एकाहून कमी असली तरी पुरे, कारण एका मढ्यावर सगळा थवा जेवतो. जनावरांसाठी त्याच्यावर २००६ साली बंदी आली, मग माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही ३ मिलीच्या एकेरी मात्रेपुरतं ठेवलं. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक जनावरांसाठी २०२३ मध्ये बंद झाली, निमेसुलाइड २०२४च्या डिसेंबरअखेर. ॲसिक्लोफेनॅक तर गाईच्या अंगात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं. बंदी कागदावर आहे, फडताळात जुनी बाटली असू शकते.

फोन आल्यावर विचारायचं ते याच क्रमाने: कधी मेलं? किती दिवस आजारी? सुई कोणी टोचली? शेवटची कधी? आणि मग: बाटली दाखवा.

"काही औषध दिलं का" असं विचारलं तर उत्तर नेहमी "नाही" येतं. शेतकरी खोटं बोलत नाही. ताकदीची सुई, तापाची सुई हे त्याच्या हिशोबी औषध नसतं. म्हणून बाटलीच मागायची. गोठ्याच्या वाशाला, खिडकीत, चुन्याच्या डबीशेजारी ठेवलेली असते. लेबल फाटलेलं असेल तर टोचणाऱ्याला फोन. तरी कळलं नाही तर गुरू नाकारायचं.

आमचा नियम: मेलॉक्सिकॅम किंवा टोलफेनॅमिक ॲसिड सोडून दुसरं कुठलंही वेदनाशामक मरणाआधीच्या पंधरा दिवसांत दिलं असेल तर नको. जोडऔषध असेल तर दोन्ही नावं वाचायची. फ्लुनिक्सिन लिहिलेलं दिसलं तरी नको. लंपीने मेलेलं नको. विषबाधेचा संशय, नको. अचानक मेलेलं, पोट फुगलेलं, नाकातून-गुदद्वारातून काळपट न गोठलेलं रक्त आलेलं असेल तर फाशी (अँथ्रॅक्स हा रोग) समजून हातही लावायचा नाही, सुरी तर नाहीच, पशुवैद्यकाला बोलवायचं.

स्वीकारलेल्या प्रत्येक गुराच्या यकृताचा ५० ग्रॅम तुकडा चिठ्ठी लावून डीप फ्रीझरमध्ये. तपासणीचा निकाल आठवड्यांनी येतो, त्या दिवशी उपयोगाचा नसतो. पण पुढे एखादं गिधाड मेलं तर कुठून आलं ते शोधता येतं.

कळवणाऱ्याला ₹५००, गुरू घेतलं तरी आणि नाकारलं तरी. सुरुवातीला फक्त घेतलेल्या गुराचे पैसे देत होतो. मग सगळ्यांचीच गुरं "सुई न टोचलेली" निघू लागली. नियम बदलला.

२९ नोव्हेंबर

पूर्ण कातडीचा म्हशीचा रेडा. सोळा गिधाडं उतरली, दिवसभर बसली, फारसं काही मिळालं नाही. चोच भक्कम दिसते, पण जाड कातडी फाडायची ताकद तिच्यात नाही. नखं गरुडासारखी पकडीची नसतात, पाय चालण्याचे. डोळे, जीभ, शेपटीखालचा मऊ भाग एवढंच उघडतं. पूर्वी कातडं सोलून नेल्यावर मढं टाकलं जायचं, त्यामुळे हा प्रश्न नव्हता.

३० नोव्हेंबर

सकाळी सातला रेड्याला दोन चिरा दिल्या: बरगडीमागून पोटाच्या बाजूने दोन फूट, आणि मागच्या मांडीच्या आतून एक. कातडी मागे दुमडून मांस वर दिसेल असं ठेवलं. लाल रंग वरून दिसला पाहिजे. हातमोजे, गमबूट, नंतर सुरी उकळत्या पाण्यात.

सव्वाअकराला उतरली, बारापर्यंत वीस. आता जवळून पाहता आलं. खाणारा पक्षी आधी डोकं आणि मग सगळी उघडी मान चिरेतून आत घालतो; मानेवर पिसं नसणं इथे कामाला येतं, रक्त चिकटून राहत नाही. पाय मढ्यावर रोवून मागे रेलून खेचतो. जिभेच्या कडेला मागे वळलेले काटे असतात, त्यांनी ओला तुकडा निसटत नाही. दोघांत भांडण झालं की पंख अर्धे उघडून, मान लांब करून फिस्कारत, घोगऱ्या आवाजात किंचाळत एकमेकांवर उड्या. भुकेला पक्षी खाणाऱ्याला हटवतो, मग काही मिनिटांनी त्याला तिसरा. पोट भरलेले वीसेक पावलं लांब जाऊन, पंख पसरून पाठ उन्हाकडे करून बसतात.

लपणातून पाहिलं. पहिलं लपण ३५ मीटरवर होतं. पक्षी उतरलेच नाहीत, झाडावरून लपणाकडे पाहत बसले. आता १२० मीटरवर, झापांचं, आणि स्पॉटिंग स्कोप (लांबचं पाहायची दुर्बीण). लपणात सूर्य उगवायच्या आत शिरायचं आणि शेवटचा पक्षी गेल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. मधे बाहेर आलं की तो दिवस गेला.

७ डिसेंबर

मोजणीत घोळ. गेल्या तीन वेळा लांब चोचीची म्हणून नोंदवलेल्या सहा पक्ष्यांपैकी पाच पांढऱ्या पाठीच्या जातीचीच पोरं निघाली. नव्या माणसांसाठी:

पांढऱ्या पाठीचं, मोठं: अंग काळपट, मानेच्या बुडाशी पांढऱ्या मऊ पिसांची गळपट्टी, चोच आखूड आणि जाड. पाठीचा खालचा भाग पांढरा, पण बसलेल्या पक्ष्यात पंखांखाली झाकला जातो, त्यावर विसंबू नका. उडताना खालून पाहिलं तर पंखाच्या पुढच्या अर्ध्यात पांढरा पट्टा, मागची पिसं काळी. हे लांबूनही चुकत नाही.

त्याचं पोर: सगळं तपकिरी, पाठ पांढरी नाही, पोटावर फिकट रेघा, डोक्यावर पांढरट लव. रंग पूर्ण यायला चार-पाच वर्षं लागतात.

लांब चोचीचं: अंग मातकट पिवळसर, त्यापुढे डोकं-मान गडद, चोच लांबट, सडपातळ. हे बहुतेक कड्यावर घरटं करतं, झाडावर क्वचितच.

पायांवर चुना फासल्यासारखा पांढरा थर दिसला तर आजार समजू नका. ती त्यांचीच शीट असते.

१४ डिसेंबर

घरटी: ११. आंब्यावर चार, बेहड्यावर तीन, सातविणीवर एक, माडांवर तीन. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या पट्ट्यातली उंच झाडं मोठ्या प्रमाणात पडली, त्यामुळे उरलेल्या प्रत्येक उंच झाडाची किंमत वाढली आहे. अंडं एकच, दीड महिन्याहून थोडं जास्त उबवणं, नर-मादी दोघंही पाळीने. आठ घरट्यांवर पक्षी बसलेला.

माडाचा प्रश्न वेगळा. नारळ पाडायला माणूस चढला की पक्षी उठतो, अंडं उघडं पडतं, कावळे टपलेलेच. तीन माडांच्या मालकांशी बोलणं झालं: मेअखेर चढायचं नाही, माडामागे ₹१,२००, खाली पडलेले नारळ त्यांचेच. एकाने "शिटीने सुपारीची रोपं करपतात" अशी तक्रार केली. खरी होती, रोपं दोन मीटर सरकवून दिली.

११ जानेवारी

पाण्याची टाकी. हे पक्षी जेवणानंतर पाणी पितात आणि मनसोक्त आंघोळ करतात. ३ बाय २ मीटर, ₹९,८००. गवंड्याने सवयीने दोन फूट खोल, उभ्या भिंतींची बांधली. ओल्या पंखांच्या गिधाडाला उभ्या भिंतीवरून चढता येत नाही, बुडून मरतं. दगड-सिमेंट भरून खोली वीतभर केली आणि एका बाजूला उतार. आणखी ₹३,२००. गवंड्याला चित्र काढून द्या.

१ फेब्रुवारी

सहा घरट्यांत पिलं. मढ्याजवळ गोळा झालेली हाडं आता फेकत नाही. चार हाडं घेऊन घणाने फोडली, अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे करून मढ्याशेजारी पसरले. पिलाला कॅल्शियम हाडाच्या तुकड्यांतून मिळतं आणि गिधाडाला स्वतः मोठं हाड फोडता येत नाही. ते काम तरसाचं. आफ्रिकेत तरसं नाहीशी झालेल्या भागात केप गिधाडांच्या पिलांची हाडं याच कारणाने वाकडी होताना आढळली. पहिल्या दिवशी तुकड्यांकडे कोणी पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी निम्मे गेलेले.

८ मार्च

वणवा. सड्यावरचं गवत वाळलेलं, खालच्या काजूच्या बागेतून आग आली. पाच मीटरची जाळरेषा (आग अडवायला आधीच गवत जाळून मोकळा केलेला पट्टा) फेब्रुवारीत मारायची ठरली होती, मारली नाही. लपण जळालं, पोत्याच्या पट्ट्या जळाल्या, जाळी वाचली. घरट्याच्या झाडांपर्यंत आग गेली नाही, ते वाऱ्यामुळे; आमच्यामुळे नव्हे. नुकसान ₹६,५००.

५ एप्रिल

एका आंब्याखाली पिलू मेलेलं. वनखात्याने शवविच्छेदन करून घेतलं: अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर नाही, म्हणजे औषधाचं लक्षण नाही. उंचावरून पडण्याचा मार. तरी त्या पंधरवड्यात टाकलेल्या दोन गुरांचे यकृताचे तुकडे तपासायला पाठवले.

२६ एप्रिल

पहिलं पिलू घरट्याबाहेर. अंड्यातून निघाल्यापासून साडेतीन महिने. आठवडाभर फांदीवर उभं राहून पंख मारत होतं, आज समोरच्या बेहड्यापर्यंत गेलं आणि फांदी चुकली. खालच्या फांदीत अडकून बसलं, संध्याकाळी आईबाप तिथेच भरवायला आले.

१८ मे

पाच पिलं उडाली. हंगामात २३ फोन. नऊ गुरं घेतली, चौदा नाकारली. नाकारण्याची कारणं: औषध कळलं नाही ७, बंद औषध दिलेलं ३, फार कुजलेलं २, फाशीचा संशय १, विषबाधा १. एका गुराची वाहतूक सरासरी ₹२,०००. त्यातले शेवटचे चारशे मीटर बांबूच्या डोलीवर, सहा माणसं. याच्यावर उपाय अजून सापडलेला नाही. गाडीरस्ता केला तर गर्दीही येईल.

नाकारलेलं गुरू शेतकऱ्याच्या गळ्यात टाकून निघून येऊ नका. पुरायला मदत करा, नाहीतर पुढच्या वेळी फोन येत नाही आणि ते गुरू रात्री पऱ्यात जातं.

३० मे

बंद. पावसात सड्यावरचं पाणी थेट पऱ्यात उतरतं, मढ्याचं पाणी गावात नको. टाकी रिकामी करून पालथ्या घमेल्याने भोक झाकलं. फाटक काढून ठेवलं, पट्ट्या सोडल्या. उरलेली हाडं पोत्यांत भरून कोरड्या जागी, फेब्रुवारीसाठी. जाळरेषेचे मजूर आत्ताच सांगून ठेवले, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याचे, आगाऊ ₹१,००० देऊन.